थडग्यातली ठोकणी

स्केगी दारात येऊन थांबला, तरी योरुनने हात थांबवला नाही. शिडाचं कापड अर्ध्यावर आलं होतं. बाण्याचा धागा ओढायचा, लोखंडी ठोकणीने वर ठोकून घट्ट बसवायचा, पुन्हा धागा. ताण्याला खाली बांधलेले दगड एकमेकांवर आपटत होते.

मुलाच्या केसांत माती होती, नखांत माती होती आणि हातात लोकरीच्या कापडात गुंडाळलेली एक लांब वस्तू. ते कापड तिनेच विणलेलं. कुठून आणलं, हे विचारायची गरज नव्हती.

"बापाचं थडगं उकरलंस," ती म्हणाली.

"मग काय करू? उद्या सभा आहे. सगळ्या खाडीसमोर उल्फकेल म्हणाला, बाप तलवार खाली घेऊन गेला आणि पोराला लाकूडतोड्याची कुऱ्हाड ठेवली. मी शब्द दिलाय त्याला. भुकेली घेऊन बेटावर येतो म्हणून."

बेटावर म्हणजे द्वंद्वाला. खाडीच्या तोंडाशी तो खडक होता. दोघं जात, एक परत येई, आणि तोही कधीकधी फार टिकत नसे. भुकेली हे स्केगीच्या बापाच्या, हेरगेरच्या तलवारीचं नाव. त्या तलवारीने हेरगेरने उल्फकेलचा भाऊ मारला होता. मग उल्फकेलच्या माणसांनी हेरगेरच्या पोटात भाला खुपसला आणि तो सारा हिवाळा अंथरुणात कुजून मेला. पुढे सभेने दोन्ही घरांत समेट घडवला. लोकांनी ढालींवर हत्यारं आपटून होकार दिला आणि प्रकरण मिटलं. निदान योरुन तसं धरून चालली होती.

स्केगीने कापड उलगडलं. आत तलवार नव्हती. देवमाशाच्या हाडाची, झिजून पिवळी पडलेली ठोकणी होती.

"आधी वाटलं, उल्फकेलने चोरली. मग हे ओळखलं. लहानपणी हिचाच मार खाल्लाय मी."

"कमीच पडला."

"आई, तलवार कुठंय?"

योरुनने हातातली लोखंडी ठोकणी त्याच्यापुढे धरली. धारा घासून बोथट केलेल्या, टोक गोल केलेलं, मुठीच्या जागी साधं लाकूड. पण पात्याच्या मधोमध ती नागमोडी नक्षी तशीच होती. ती नक्षी बघत स्केगी मोठा झाला होता. इतके दिवस ती समोर असून त्याला दिसली नव्हती. बाईच्या अवजाराकडे कोणता पुरुष नीट बघतो?

"तू भुकेलीचं हे केलंस?"

"मी नाही, तुझ्या बापाने. लोहाराला अंथरुणापाशी बोलावून सांगितलं. तलवारीच्या जागी ते हाडही त्यानेच गुंडाळलं. उठून बसता येत नव्हतं, पण मला हात लावू दिला नाही."

"खोटं बोलतेस. माझा बाप मेल्यावर बायकी अवजार घेऊन ओडिनदेवाच्या दारात उभा राहील?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, हटकलंच कुणी तर सांगेन, विणायला आलोय."

स्केगी हसला नाही.

"तुझा आजोबा हिच्यापायी गेला," योरुन म्हणाली. "मग काका, मग तुझा बाप. तिघांची प्रेतं मी धुतली. आता पाणी तापवायचा कंटाळा आलाय मला, स्केगी."

त्याने पातं तिच्या हातातून ओढून घेतलं. "लोहार पुन्हा धार काढेल. उद्यापर्यंत होईल."

"होईल. ने. मी शीड हाडाने पुरं करीन, तेवढं ते धुऊन दे." तिने मागच्या चढाकडे मान केली. "पण तिकडे बाप उघडा पडलाय. आधी त्याला झाक. आणि रिकाम्या हाताने नको ठेवूस. काय द्यायचं ते तूच ठरव."

तो दोन्ही घेऊन गेला. योरुन बोटांनीच धागा वर लोटत राहिली. लोहाराकडची वाट होड्यांच्या छपराकडून खाली उतरत होती. थडगं घराच्या मागे, चढावर. तिने कान दिला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मागून मातीवर माती पडल्याचा आवाज आला.

ती दारात गेली, तेव्हा लोखंडी ठोकणी चौकटीला टेकवून ठेवलेली होती; हाडाची बापापाशी परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्केगी सभेहून परतला. कमरेला लाकूडतोडीची कुऱ्हाड होती. योरुनने आधी तिचं पातं पाहिलं, मग मुलाचा चेहरा.

"उल्फकेलने विचारलं, भुकेली कुठाय?"

"मग?"

"म्हटलं, बापापाशी. मेलेल्याच्या हातातलं ओढून घेण्याइतका मी भिकारी नाही. बेटावर येत नाही, असंही सांगितलं."

"लोक?"

"हसले. एकाने ओरडून विचारलं, चातीवर सूत तरी कातता येतं का रे? जेवताना माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. यापुढेही बसणार नाही."

"पेज गरम आहे."

तो बाकावर बसला. वाडगं त्याने दोन्ही हातांनी तोंडाशी नेलं. योरुनने ठोकणी उचलली आणि मागाकडे वळली.

"आई, आज नको वाजवूस ती."

तिने ठोकणी खुंटीला अडकवली, स्वतःचं वाडगं भरून घेतलं आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली.