चाकं भिंतीकडे

टेबलावर गाडीच्या दोन किल्ल्या होत्या आणि तिची नजर पुन्हा पुन्हा दुसरीवरच जात होती. कपाटातल्या डब्यात पडून असायला हवी ती जादा किल्ली... डोक्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टीची कड बोटं लागून काळी पडलेली. डब्यात पडलेल्या किल्लीवर बोटांचा मळ कुठून येणार? चाचपून ओळखू यावी म्हणून बाबांनीच ती गुंडाळली असणार, आणि ती, एवढी शहाणी, दर महिन्याला कपाट आवरत होती.

"दोन्ही लागतील मॅडम. टोटल लॉस आहे ना, गाडी भंगारातच जाणार," विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणाला आणि किल्ल्या पाकिटात टाकून त्याने पाकीट चिकटवलं.

गाडी उभी होती. बारा दिवस ती विमा कंपनीला फोनवर हेच सांगत आली होती — उभी होती, बंद होती, आत कुणी नव्हतं. ब्रेक गेलेला सिमेंटचा ट्रक उतारावरून आला आणि मागून आदळला. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून पाढे. एकीने तर सगळं ऐकून घेऊन विचारलं होतं, "मग गाडी आता चालू स्थितीत आहे का?" तेव्हा ती हसली होती, मग फोन ठेवून थोडी रडलीही होती. फॉर्मवर मात्र एकच प्रश्न अवघड होता. गाडी शेवटची कुणी चालवली? लायसन्सची प्रत जोडा.

तिथे ती 'स्वतः' असं लिहून मोकळी झाली होती.

त्या दिवशी ती ऑफिसात होती. गाडी बाबांनी काढली होती — एकतीस वर्षं बस चालवलेल्या, एक ओरखडा न उठवलेल्या बाबांनी. डाव्या डोळ्याने निम्मंच दिसतं म्हणून डॉक्टरांनी सही नाकारली आणि लायसन्स संपलं, त्यालाही दोन वर्षं झालेली. "एकच फेरी मारली गं," एवढंच ते संध्याकाळी म्हणाले. आणि ती... जिभेला हाड नसतं हेच खरं. आंधळे आहात का, असं म्हणाली ती. ज्यांना खरंच दिसत नव्हतं त्यांना. वर बजावलं, की क्लेम बुडाला तर दुसरी गाडी नाही, तुम्हाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला दोन बस बदलून जावं लागेल, तेव्हा सर्व्हेअरसमोर तुम्ही चकार शब्द काढायचा नाही.

बाबा खिडकीपाशी बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

सर्व्हेअर मोबाइलवरचे फोटो सरकवत होता. "एक सांगू? बावीस वर्षं मी चेपलेल्या गाड्याच बघतोय. पण ही ज्याने लावली त्याला मानलं. पुढची चाकं पूर्ण भिंतीकडे, गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला. म्हणून गाडी भिंतीत घुसून थांबली. चाकं सरळ असती ना, तर सुटली असती उताराला. खाली शाळेचं फाटक... मधली सुट्टी चालू होती तेव्हा." त्याने मान वर केली. "तुम्हीच लावली होती ना?"

गाडी सोडून जाताना, ती आपल्यामागे काय करेल याचा विचार करून जायचं — एकोणीस वर्षांची असताना बाबांनी तिला शिकवलं होतं, आणि तेव्हा ती हसली होती. तिने आजवर कधी चाकं वळवली नव्हती. दोन वर्षांत बाबांना कुणी शाबास म्हणालं नव्हतं. मीठ खाऊ नका, पायरी बघा, हात लावू नका... एवढंच. आणि आता कुठून तरी एक परका माणूस ती शाबासकी घेऊन घरात आला होता, आणि नाव विचारत होता.

"हो," ती म्हणाली. "मीच."

सर्व्हेअरने भिंतीवरच्या खाकी गणवेशातल्या फोटोकडे पाहिलं, मग बाबांकडे. "तुम्ही शिकवलेलं दिसतंय काका."

बाबा खाकरले. बोला ना, तिच्या मनात आलं, बोला बाबा, बुडू दे तो क्लेम, बसने जाऊ आपण... आणि त्याच वेळी तिचे हात टेबलाखाली एकमेकांना आवळून धरत होते, बाबांनी बोलू नये म्हणून.

"छे हो," बाबा म्हणाले. "तिचं तीच शिकली. माझं कधी ऐकलंय तिने!"

सर्व्हेअर मोकळेपणाने हसला. बाबाही हसले. 'वरील माहिती खरी आहे' याच्या खाली तिने सही केली. दहा-पंधरा दिवसांत काम होईल, काळजी करू नका, असं सांगून तो गेला. त्याची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाली.

"बरोबर बोललो ना गं?" बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला सोसला असता. पेपर देऊन आलेल्या मुलासारखे ते तिच्या तोंडाकडे बघत होते, चांगल्या डोळ्याने, मान जरा वळवून. आणि हो म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तिची लाज इतकी वर आली होती की शब्दाला वाटच उरली नाही.