गोमाजीचा जिताडा आणि नऊ पेपर

“आता मी जो सांगनार हाय, त्याच्यावर तुमचा इसवास बसनार नाय. आदीच बोलून ठेवतंव.”

एवढं बोलून गोमाजीनं ओटीवर बसलेल्या पाहुण्यांकडं पाहिलं आणि अडकित्ता हातात घेतला. हे वाक्य त्यानं जन्मात किती वेळा टाकलं असेल, त्याला गणती नाही. पण त्याच्यामागून नेहमी थाप यायची. आज पहिल्यांदाच खरं यायचं होतं.

कोनखार हे गाव दिवा स्टेशनाच्या पलीकडं, खाडीला पाठ लावून बसलेलं. तिथं गोमाजीची ख्याती एका माशावरून. तरुणपणी त्यानं पाग, म्हणजे फेकजाळं, टाकून एक जिताडा धरला. तेव्हा तो हातभर होता. मुलगा सुदेश जन्मला तेव्हा दोन हात झाला, सुदेशच्या लग्नात होडीएवढा झाला, आणि नात समिधा कॉलेजात गेली तोवर त्या जिताड्यानं होडीसकट गोमाजीला ओढत पार कळव्याच्या पुलाखाली नेऊन सोडलं होतं. खाऊन पचवलेला मासा वाढतो कसा, हे कुणी विचारलं नाही. गावात कुणी थाप मारली की माणसं नुसती म्हणायची, “आला रे, जिताडा आला!”

आणि अशा माणसाला नातीनं त्याच सकाळी खरं बोलायची शपथ घातली होती.

सकाळी दोघं खाचरात लावणी करत होते. गोमाजीची बाकीची जमीन गेलेली. थोडी बांध फुटून खाऱ्या पाण्यानं खाल्ली, थोडी बिल्डरनं. उरलं ते हे एकच खाचर. गुडघाभर काळा चिखल, वरून भुरभुर पाऊस, आणि बांधापलीकडं नव्या बिल्डिंगींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले, कधीच न वाळणारे कपडे. “चिखलान पाय नाय घातला त भात गोड लागत नाय,” असं म्हणून गोमाजी दर वर्षी वाकायचा. या वर्षी समिधाही वाकली होती. पण तिचं लक्ष रोपांत नव्हतं. रांग सापासारखी चालली होती.

“आबा, आज ती लोकं येतायत ना, ती साखरपुड्याची तारीख घेऊनच येतायत. श्रावणातला शुक्रवार. त्याच दिवशी माझा निबंधाचा पेपर आहे.”

“मंग बापाला सांग.”

“सांगितलं. म्हणतो, सकाळी पेपर दे, संध्याकाळी साडी नेस. दुसऱ्या दिवशी परत पेपर आहेत म्हटलं, तर म्हणतो, अगं, बॅनर लागलाय. आता परीक्षा राहिलीय असं लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?”

ते खरंच होतं. जून महिन्यात समिधा यूपीएससीची पूर्व परीक्षा पास झाली आणि दुसऱ्या दिवशी सुदेशनं नाक्यावर बॅनर ठोकला: ‘कोनखारची कन्या, भावी कलेक्टर’. त्यावर समिधाचा फोटो पासपोर्टएवढा आणि सुदेशचा, त्याच्या दोन मित्रांचा, एका नगरसेवकाचा फोटो खिडकीएवढा. त्यातला ‘भावी’ पावसानं पहिल्याच आठवड्यात धुतला. तेव्हापासून गावाच्या लेखी पोरगी कलेक्टर झालेलीच होती. स्थळही त्यावरूनच चालत आलं.

“मुलगा वाईट नाहीय आबा. मला नुसता वेळ पाहिजे. तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकून घेतात लोक.”

“ऐकून घेतान. खरा मानीत नाय.”

“म्हणूनच सांगते, थाप मारायची नाही. एक जरी सापडली ना, तर मी पास झाले ती पण थापच ठरेल. माझी शपथ आहे.”

गोमाजीनं मान खाजवली. चिखल मानेला लागला. “बरा. मंग खरा काय ता तरी शिकव.”

समिधा शिकवू लागली. आधी पूर्व परीक्षा. चार उत्तरं समोर ठेवतात, एक उचलायचं. चुकलं तर प्रश्नाच्या मार्कांचा तिसरा हिस्सा उलटा कापतात.

“म्हंजी चिंबोरीचा बिल. भलत्या बिलान हात घातला का चावली.”

“अगदी तसं, खेकड्याच्या बिळासारखं.”

“चिंबोरी बरी. चावतं त पुरती चावतं. तिसरा हिस्सा चावाला तिला जमत नाय.”

“मग मेन्स. नऊ पेपर. त्यातले दोन भाषांचे, ते नुसते पास व्हायचे. मार्क धरत नाहीत.”

“धरीत नाय?” वाकलेला गोमाजी कंबरेवर हात ठेवून सरळ झाला.

“नाही. मग दिल्लीला इंटरव्ह्यू. आणि पूर्व परीक्षेचे मार्कसुद्धा शेवटी धरत नाहीत.”

“जिच्यापायी तू वरीसभर डोला लावला नाय, ती?”

“ती नुसती दार उघडायला.”

“आनि अभ्यास कशाचा?”

“इतिहास, भूगोल, राज्यघटना, शेती, पूर, किनाऱ्याची धूप, नीतिमत्ता…”

“आपला गाव हाय क त्यान?”

“खार जमीन आली, मासेमारी आली, ही लावणी पण आली. म्हणजे गाव आलंच की.”

“मंग ऱ्हायला काय?”

“बाकीचं जग.”

गोमाजीनं हातातली रोपांची जुडी बांधावर ठेवली. मग हळूच म्हणाला, “पोरी, यी परीक्षा कोनी बनवली गं? मी त नाय ना बनवली?” जन्मभर त्यानं थापांत कुणाला पुढं जाऊ दिलं नव्हतं. आज त्याला कुणाचा तरी हेवा वाटला.

आणि आता तेच सगळं तो ओटीवर बसून पाहुण्यांना सांगत होता. पाहुण्यांत मुख्य होती आवडाबाई, नवऱ्या मुलाची आजी. आवडाबाई धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. सुदेश आणि हेमाचं लग्न तिनंच लावलं होतं, त्यामुळं गोमाजीचा जिताडा होडीएवढा असल्यापासून तिच्या ओळखीचा. आता तिच्या शेतावर घोडबंदर रोडचा टॉवर उभा होता आणि ती त्यात वरच्या मजल्यावर राहत होती, पण नऊवारी आणि आवाज दोन्ही जमिनीवरचेच. आल्या आल्या तिनं गाऱ्हाणं घातलं होतं, “काय तो ट्रॅफिक गं बाय! निंगालो तवा भावेशनी दाढी केली व्हती. हतं येस्तवर परत वाढली.”

तो भावेश, म्हणजे नवरा मुलगा, गोमाजीच्या शेजारी खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून बसला होता. ठाण्यात नोकरी, इस्त्रीचा शर्ट.

गोमाजीनं नऊ पेपर सांगितले.

“नऊ?” आवडाबाईनं पदर सावरला. “नवरात्राला नऊ दिस, म्हनून पेपर पन नऊ क रं, गोमादादा?”

“त्यान दोन धरीत नाय.”

“मंग सात बोल ना! मासलीवानी भाव पाडतंस क?”

ओटीवर हशा पिकला. गोमाजी घामाघूम झाला. त्यानं तिसऱ्या हिश्श्याचं सांगितलं, चिंबोरीची उपमाही दिली. तेवढ्यात शेजारून भावेश हळूच त्याच्या कानाशी पुटपुटला, “मला पण चावलेली, आबा. एकदा दिलेली मी. घरी माहीत नाही.” पण हे फक्त गोमाजीला ऐकू आलं. बाकी ओटी हसतच होती.

“आबांचं काय मनावर घेऊ नका हां,” सुदेश कसनुसा हसला. “जिताडा आहे तो.”

हे मात्र गोमाजीला लागलं. होडीएवढ्या माशाला माणसं माना डोलवत आली, आणि आज शपथेवर, खडा न् खडा खरं बोललो तर पोटचा पोरगा हसतो!

आवडाबाईनं पिशवीतून नारळ काढला. “चल सुदेश, हात पुढं कर. नारल घेतला का शुक्रवार पक्का.”

चहाची किटली घेतलेली हेमा दारात थबकली. तिच्यामागं समिधा उभी होती. नुसती आबाकडं बघत होती.

गोमाजीनं मनाशी म्हटलं, शपथ मोडायची नाही. जरा वाकवायची.

“घे, सुदेश, नारल घे,” तो म्हणाला. “पन आडोशाला घे. बघनारा असल.”

सुदेशचा हात हवेतच राहिला. “कोण बघणारा?”

“सरकारचा मानूस.” गोमाजीनं आवाज उतरवला. सगळी ओटी आपोआप पुढं वाकली. “पास झालेल्या पोरीच्या घरावर डोला ठेवतान. कवा भंगारवाला बनून येतंय, कवा कुल्फीवाला. परवा एक आला, निवट्या विकाला. निवट्या! खाडीवाल्यांच्या गावान! आता तुमीच सांगा, कोनखारमदी निवट्या विकाला येतंय तो मानूस सरकारी नाय त कोन?”

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातली बोटभर मासळी, ती पोरंसुद्धा धरतात, तिथं ती विकायला यायचं म्हणजे काहीतरी होतंच. दोघांतिघांनी माना हलवल्या.

“आनि तो फकस्त पोरीला बघीत नाय. सोयरिक जमली का सासरची मानसां पन परीक्षेन आली. चूक तुमची, मार्क पोरीचा. तिसरा हिस्सा कापला.”

“आमची चूक ती कसली?” आवडाबाई ताठ झाली.

“हलदीला रातभर डीजे वाजला, तिसरा हिस्सा. बॅनरवर पोरीपक्षा बापाचा फोटू मोटा, तिसरा हिस्सा.” सुदेशला ठसका लागला. “आनि परीक्षेच्या हंगामान कोनी साखरपुडा केला…”

गोमाजी थांबला. सुपारी कातरली. तोंडात टाकली.

“त काय? बोल की, मेल्या!”

“त आजेसासूला दिल्लीला बोलवतान. इंटरव्ह्यूला.”

“मना?”

“टेबलाच्या पल्याड साहेब लोक बसतान. बोलतान, बाय, तू धवलारीण ना? संस्कृती सिलॅबसान हाय. गा धवला. आनि गाताना एक ओल इकडची तिकडं झाली…”

“तिसरा हिस्सा!” मागून आवडाबाईचाच भाऊ घाबऱ्या घाबऱ्या बोलला.

आवडाबाईनं नारळ मांडीवर घेतला. पन्नास वर्षं तिच्या धवल्यात ओळ चुकली नव्हती, आणि चुकली असली तर हळदीच्या गोंगाटात कुणाला कळली नव्हती. साहेब लोक गप बसून ऐकत असतील तर गोष्ट वेगळी. तिनं एकदम मान वळवली.

“भावेश! तू शिकलेला हास. यो खरा बोलतंय क?”

गोमाजीच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. हा पोरगा त्याच्या ध्यानातूनच गेला होता. ज्याला चिंबोरी चावलीय त्याच्यासमोर आपण बिळाची थाप मारून बसलो! आता हा नुसतं ‘नाही’ म्हणाला की नारळ सुदेशच्या हातात, आणि समिधाचं पास होणंही जिताड्याच्या पोटात.

भावेशनं दाराकडं पाहिलं. समिधानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

“खरं आहे, आजी,” तो शांतपणे म्हणाला. “नीतिमत्तेचा तर वेगळा पेपरच असतो त्यांचा.”

समिधानं एक डोळा उघडला. त्याच्याकडं पाहिलं. मग दुसराही उघडला.

नारळ पिशवीत गेला. “निकाल लागस्तवर यो माज्या घरान ऱ्हाऊ दे,” आवडाबाईनं फर्मान काढलं. “आखातीजला बघू. आनि सुदेश, तो बॅनर उतरव आदी. पोरीचा मार्क खातंय तो.” सुदेशनं इतक्या पटकन मान हलवली, की त्यालाही आतून सुटल्यासारखंच झालं असावं.

मग चहा झाला, तांदळाची भाकरी आणि कालवण झालं. एक खरा, हातभर जिताडा ताटात आला आणि कुणीही त्याची लांबी विचारली नाही. फाटकाशी मंडळी चपला शोधत असताना भावेश समिधाला म्हणाला, “ऑल द बेस्ट हां. निबंधाला.” ती म्हणाली, “थँक्स. नीतिमत्तेला तुलाच बसवायला पाहिजे.”

तेवढं बोलून ती आबाजवळ आली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, “शपथेचं काय?”

गोमाजी वरमला. थाप पचली होती, शपथ घशात अडकली होती. सगळी नाही तरी थोडी फेडावी म्हणून तो चिखलातून चपला उचलत गाडीपर्यंत गेला.

“आवडाबाय, जाता जाता एक खरा सांगतंव. आयच्यान खरा. पोरगी जी परीक्षा पास झाली ना, पूर्व, जिच्यापायी बॅनर लागला, तिचा एक पन मार्क शेवटी धरीत नाय.”

गाडीत चढवलेला पाय आवडाबाईनं खाली घेतला. तिनं गोमाजीकडं पाहिलं. मग स्टिअरिंगवर बसलेल्या नातवाकडं.

“काय रं?”

“हो, आजी,” भावेश म्हणाला. “ते पण खरं आहे.”

“खोटा!” आवडाबाई अशी कडाडली की बांधावरचे बगळे उडाले. “निवट्यावाला पटला, डीजे पटला, दिल्ली पन पटली मना! पन पोरीला वरीसभर रगडायचा, पास करायचा, नि मार्क खाडीन फेकायचा? सरकार काय एवढा येडा हाय? गोमाजी, आज सापडलास! आनि भावेश, मेल्या, तू पन? आजून नारल फुटला नाय, त यांच्या घरचा पानी लागला तुला? तोंडावर खोटा बोलतंस!”