वासूने घेतलेली जागा

आमच्याकडे बहिणीच्या मुलाला मामाच्या घरातलं काहीही उचलून न्यायची मुभा. त्याला वासू म्हणायचं, आणि वासूला नाही म्हणायचं नाही. माझा आतेभाऊ वेरेमो आयुष्यभर एवढ्याच भांडवलावर जगला. आमची डुकरं नेली, बाबांची होडी नेली. बाबा नुसते हसायचे.

गावच्या मेकेची, म्हणजे आमच्या समूहनाचाची, गाणी बाबाच रचायचे आणि गायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचा आवाज तेवढा उरला, सुवा शहरातल्या माझ्या घरी, कॉम्प्युटरवर. अर्धी डिस्क लिनक्सची, त्यात बाबा. अर्धी विंडोजची, त्यात रोज येऊन खेळणाऱ्या वेरेमोचे गेम.

“लोसा, तुझ्या बाजूची थोडी जागा दे ना. नवा गेम मावत नाहीये.”

“तुझं पोट कधी भरतं का रे, मेल्या?”

“मामाच्या घरातलं आहे. विचारतोय हेच नशीब समज!”

मला हसू आलं. म्हटलं, “घे बाबा. पण पार्टिशन सरकवायच्या आधी गाणी दुसरीकडे कॉपी कर. विसरलास तर तंगडं मोडीन.”

“मामा काय तुझ्या एकटीचा होता?”

संध्याकाळी कामावरून आले, तर कॉम्प्युटर सुरू होऊन थेट विंडोजमध्येच गेला. लिनक्सचा पत्ताच नाही.

“सरकवताना मध्येच वीज गेली गं,” वेरेमो म्हणाला. “दोन्ही बाजू पुसल्या गेल्या. विंडोज नव्याने टाकलं. माझाही सत्यानाश झालाच की!”

दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. मी ढसाढसा रडले, पण विजेलाच शिव्या घातल्या.

रविवारी चर्चनंतर आत्या त्याला घेऊन माफी मागायला आली. चटईवर बसून तिने व्हेलचा दात पुढे धरला. तो घेतला की विषय संपला, मग तोंडातून एक शब्द काढायचा नाही. तिचेही डोळे सुजले होते. मी हात पुढे केला आणि तेवढ्यात मनात आलं, काल तर हा आपला जुनाच गेम खेळत होता, अर्ध्यावरून पुढे.

“वेरेमो, सगळं पुसलं ना? मग तुझे गेम कुठून आले?”

“ते... आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवले होते.”

“आणि बाबांची गाणी?”

त्याने मान खाली घातली. “दोन्ही मावत नव्हतं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे याने निवड केली होती. गेम ठेवले आणि मामाला सोडलं.

मी काही बोलायच्या आत आत्याने दात मागे घेतला आणि पिशवीत टाकला.

“ऊठ,” ती लेकाला म्हणाली. “तुझ्यासाठी मी माफी मागणार नाही. तो माझा भाऊ होता.”