तारोडीचा बर्फ कारखाना

निकेत ऑफिसात बसला की टेबलाखाली त्याचा पाय असा हलायचा, की शेजारच्या मिनलला चहात साखर ढवळावी लागत नसे. खालच्या मजल्यावरचा टेलर तर म्हणे त्या धक्क्यावरच शिलाई मशीन चालवायचा.

पोराचं कामच तसं. मीरा रोडच्या एका छोट्या कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंट. म्हणजे ज्याला जसं हवं तसं सॉफ्टवेअर बनवून देऊ, असं सांगत गिऱ्हाईक शोधायचं नि सही आणायची. तीन महिन्यांत एकही सही नव्हती. स्वप्नील सरांनी सांगून टाकलं, "पालीच्या बर्फवाल्याची ऑर्डर आण, नाहीतर सोमवारपासून घरीच बस."

बर्फवाला म्हणजे लवूशेट. होड्यांना बर्फ पुरवायचा. डेमो बघून त्याने एकच विचारलं, "दुसरा कोन वापरतो ह्ये? त्याच्याशी बोलू दे."

दुसरा कोणी नव्हताच. पण निकेतची जीभ पायापेक्षा चपळ. "आहेत ना. तारोडीला उर्मिलाताईंचा कारखाना."

उर्मिलाताई म्हणजे त्याची सख्खी आत्या, राहायची राई गावात. तिने बर्फ पाहिलेला तो फ्रिजमधला. निकेतने शेटला तिचाच नंबर दिला, ही युक्ती सरांनाही कळवली आणि थेट तिच्या घरी जाऊन बसला.

"आत्या, फक्त 'चांगलं चालतं' म्हण आणि ठेव."

"एवढंच? मग मी कशाला, पोपट आण," म्हणत आत्याने कोलंबी सोलता सोलता फोन स्पीकरवर टाकला.

आणि सुटली. "अहो शेट, काय सांगू, होडी बंदराला लागायच्या आधी आमचं सॉफ्टवेअर सांगतं, किती सुरमई नि किती बोंबील. होडी चालवणाऱ्या तांडेलाची बायको रुसली असेल तर तेही सांगतं. उद्या बर्फाच्या किती लाद्या लागतील, ते प्रत्येक तांडेलाला आदल्या संध्याकाळी मेसेज करून विचारतं. आमचा बर्फ तर वितळायचाच विसरलाय."

निकेत हातवारे करत होता, कान धरत होता, शेवटी पाया पडला. आत्याने त्याच्या हातात कोलंबीचं ताट दिलं.

पलीकडून लवूशेट म्हणाला, "बाय, उद्या येतू कारखाना बगायला."

फोन बंद झाला. "बघ, फसला की नाही," आत्या खूश.

"फसलो मी. उद्या काय दाखवू, तुझा फ्रिज?"

त्याला बसवेना, उभं राहवेना. गॅलरीत गेला, आत आला, पाणी घेतलं, न पिताच ठेवलं. शेवटी तशीच स्कूटर काढली आणि पाली गाठली. गल्लीत दोन कोंबड्या नि एक म्हातारा थोडक्यात वाचले.

"शेट, तारोडीला कारखाना नाहीये. ती माझी आत्या."

लवूशेट सुपारी कातरत राहिला. "ठावं हाय. तारोडीच्या होड्या माज्याकडनंच बर्फ नेतात."

"मग अर्धा तास ऐकलंत कशाला?"

"इतकी मज्जा फुकट कोन देतो? आता खरा सांग. बाय बोलली त्यातला काय व्हईल?"

निकेत नखं खात विचार करू लागला. खोटं पटकन सुचायचं, खऱ्याला वेळ लागत होता.

"मासे नाही. बायको तर नाहीच. लाद्यांचा मेसेज होईल."

"तेवढाच पायजे. रोज निम्मा बर्फ उरतो नायतर कमी परतो. पन आदी धक्क्यावर उभा ऱ्हा, बर्फ कसा जातो ता बघ. मग सही."

तेवढ्यात स्वप्नील सरांचा फोन. "झाली सही?"

"होत आलीय, सर."

"होत आलीय म्हणजे काय?"

लवूशेटने फोन काढून घेऊन स्पीकरवर टाकला. "साहेब, सोमवारी पोराला हितं पाठवा. गमबूट घालून."

"पाठवतो," सर म्हणाले. "आणि निकेत, त्या तारोडीच्या उर्मिलाताईंचा नंबर दे. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाला पण बोलायचंय त्यांच्याशी."

निकेतने फोन कट केला.