जावईबापूंची गाडी तापते

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. कुरुंद्याच्या उकंडरावांना जावयाची तशी धास्ती नव्हती. धास्ती होती ती जावयाच्या गाडीची. जावई अंगदराव महिनाभराच्या ट्रेनिंगसाठी लेकीला, प्रियंकाला, घेऊन पुण्याला गेले, आणि जाताना आपली नवीकोरी पांढरी गाडी सासऱ्याच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून गेले. "मामा, मधूनमधून चालू करत जा, बॅटरी उतरायला नको," एवढंच म्हणाले. उकंडरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की एखाद्या दिवशी गुडघ्याला तेल लावायचं चुकलं, पण गाडी चालू करायची चुकली नाही. बाजूला खळ्यावर सोयाबीनची मळणी धडधडायची आणि इकडे हे शेडमध्ये गाडीत बसून इंजिनाचा आवाज ऐकत असायचे.

उद्या लेक-जावई येणार होते. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण. अंगदरावांना कापड घ्यायचं म्हणून उकंडराव बायकोला, मंजुळाबाईंना, घेऊन जवळा बाजार या गावाला निघाले. गाडी आहे तिथं राहू द्या, एसटीनं जाऊ, असं त्या म्हणत होत्या. पण उकंडरावांना एकदा तरी त्या गाडीतून बाजारात उतरायचं होतं. हौसेला मोल नसतं, आणि बऱ्याचदा अक्कलही नसते.

बाजार दिसायला लागला आणि समोरचा तापमानाचा काटा वर चढला. मग लाल दिवा लागला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. उकंडरावांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

"मी म्हणलं होतं, एसटीनं जाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या.

"तू गप बस. एसी कोणापायी लावला मी?"

"मी तं कुडकुडून राहिले होते!"

उकंडराव समोरच्या हॉटेलातून तांब्याभर पाणी घेऊन बॉनेटकडे धावले, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजातून धर्मसिंग मेकॅनिक ओरडत आला. "ओ काका! झाकण खोलू नका! उकळतं पाणी तोंडावर उडंल. निवू द्या आधी."

गाडी निवेपर्यंत हॉटेलातल्या रिकामटेकड्यांनी तिचं तेरावं उरकून घेतलं. इंजिनाचं हेड गेलं म्हणाले. इंजिन खोलावं लागतंय, दिवाळीच्या आत काही होत नाही. उकंडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. अंगदराव काही बोलणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं, माणूस सज्जन. पण पहिल्याच दिवाळसणाला लेकीला घरी आणायचं आणि तिच्या नवऱ्यापुढं मोडकी गाडी ठेवायची? उद्या सासरी कोणी म्हणालं, तुझ्या बापानं गाडी जाळली, तर पोरगी काय उत्तर देईल? लहानपणीही तिला कोणी रागावलं की ती रडायची नाही, नुसती मान खाली घालायची. ती खाली गेलेली मान उकंडरावांना आताच दिसायला लागली.

धर्मसिंगनं आधी इंजिन ऑईलची पट्टी काढून बोटावर पुसली. "ऑईल साफ हाय. हेड गेलं असतं तर पाणी मिसळून दुधाच्या चहावानी झालं असतं." मग टाकीत कमी पडलेलं कूलंट भरलं, इंजिन चालू करून वाकून पाहत बसला. "बुडबुडे न्हाईत. पाइप दोन्ही गरम, म्हंजी पाणी फिरून राहिलं. फॅन बी बराबर."

"मंग तापती काहून?"

"तेच तं समजून न्हाई राहिलं." त्यानं हॉटेलातला एक जुना पेपर उचलला आणि गाडीच्या तोंडापुढं जाळीला लावून सोडला. पेपर सरळ मातीत पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. "फॅन समोरून हवा वढतो, काका. कागद चिकटायला पायजे. आत हवाच जाईना गेली."

हॉटेलाच्या बाकावर चहा पीत बसलेल्या मंजुळाबाईंचा कप हातातच राहिला.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी गाडीची सोडली न्हाई का?"

"काय सोडली न्हाई?"

"मच्छरदाणी."

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या तोंडाला जुनी मच्छरदाणी बांधायची, म्हणजे भुसकट रेडिएटरमध्ये ओढलं जात नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. बांधायची मंजुळाबाईंनी, सोडायची उकंडरावांनी. यंदा शेडमध्ये गाडी रोज चालू राहते आणि भुसा तिकडेही उडतो, हे पाहून बाईंनी तिलाही बांधली होती, तीही दुहेरी. जावयाच्या गाडीला बाहेरून चिंधी बरी दिसायची नाही, म्हणून बॉनेट उघडून आतल्या बाजूनं. उकंडरावांनी मळणी झाल्यावर ट्रॅक्टरची सोडली. गाडीचीही सोडलीच असेल, असं बाई धरून चालल्या. आणि गाडीला असलं काही आहे, हे यांच्या गावीही नव्हतं.

धर्मसिंगनं हात घालून ती ओढून काढली. "मला वाटलं कंपनीचीच जाळी हाय," तो म्हणाला. धूळ आणि भुसकट बसून मच्छरदाणीचं पार घोंगडं झालं होतं. उकंडराव बायकोवर ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात धर्मसिंगनं टॉर्च मारून आत पाहिलं.

"काका, रेडिएटर पहा. घासल्या भांड्यावानी हाय. काकूनं हे बांधलं नसतं तं हा समदा भुसा याच्यात शिरला असता. बांधलं ते बेस केलं. सोडायचं राहिलं, तेवढंच."

उकंडरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. धर्मसिंगनं पेपर पुन्हा जाळीपुढं धरला. तो चप्पकन चिकटला. मग तिघं गाडीत बसून सिद्धेश्वरच्या रस्त्यानं लांबवर जाऊन आले. काटा मधोमध येऊन थांबला तो हललाच नाही. उकंडरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हॉटेलातल्या सगळ्या रिकामटेकड्यांना चहा पाजला, हेड गेलं म्हणणाऱ्यालासुद्धा.

जावयाला यातलं अक्षर सांगायचं नाही, असं ते बायकोला बजावतच होते, की अंगदरावांचा फोन आला. "मामा, उद्या सकाळी निघतो. गाडी काय म्हणते?" आणि जीव इतका हलका झालेला, की उकंडरावांनी तांब्यापासून मच्छरदाणीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. बोलून झालं तेव्हा कुठं त्यांनी जीभ चावली.

"मामा," अंगदराव म्हणाले, "ती मच्छरदाणी टाकू नका. पुढच्या मळणीलाही गाडी तिथंच ठेवतो. फक्त सोडायचं कामही मामींनाच द्या."

आणि त्यांच्या मागून प्रियंकाचं हसणं ऐकू आलं, लहानपणी खळ्यावर भुशात लोळताना हसायची तसं, मोठ्यानं, मान वर करून. मान दिसत नव्हती, पण बापाला कळतं. उकंडरावांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

मंजुळाबाईंनी मच्छरदाणी रस्त्याच्या कडेला झटकली, घडी घातली आणि मागच्या सीटवर नव्या कापडासाठी जागा सोडून ठेवली.

"चला आता," त्या म्हणाल्या, "जावयाला कापड घ्यायचं राहिलंय."