पाठीमागचा आवाज

फोन ठेवल्यावर तिने पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला आणि ती मटकन खुर्चीत बसली.

पहिला परिच्छेद वाचूनच ती ताडकन उभी राहिली होती. सरांनी पाणथळीकाठच्या वस्त्यांत टिपलेल्या ध्वनिफिती कुणीतरी संशोधनासाठी मागत होते. पुढचे वाचायला धीर कुणाला होता? तिने तसाच फोन लावला. "सर, मागणी आली," एवढेच ती म्हणाली आणि पलीकडे खोकल्यासारखा, हसल्यासारखा काहीतरी आवाज झाला. "मी येतो," सर म्हणाले, "अशी परवानगी काय फोनवर द्यायची?"

विद्यापीठाच्या संशोधन-संग्रहाच्या तळमजल्यावर नोकरी करण्यात तिची उभी हयात गेली होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत. लोक आपापले संशोधन उरकून मोकळे होत आणि त्यांची मोजमापे, नोंदी, ध्वनिफिती तिच्या हवाली करून जात. जपणे म्हणजे कुलूप घालणे नव्हे, हे तिला इथे फार लवकर कळले. फिती एकमेकींना चिकटतात, यंत्रे भंगारात जातात, तबकड्या एके दिवशी उघडायचेच नाकारतात. म्हणून ओंजळीतले पाणी दुसऱ्या ओंजळीत ओतत राहावे तसा हा सगळा पसारा जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात हलवत राहायचा आणि हलवताना एक थेंबही सांडला नाही ना, हे पडताळायचे. घरी कुणी विचारले तर ती म्हणे, "बँकेसारखंच आहे. ठेवी सांभाळते. फक्त व्याज मागायला कुणी येत नाही."

सर मात्र येत. तरुणपणी जड यंत्र खांद्याला अडकवून ते त्या वस्त्यांतून हिंडले होते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यांच्या बोलीत बोलते केले होते. आता ती बोली सरांखेरीज कुणालाच कळत नव्हती. त्यावरचे पुस्तक व्हायचे ते राहूनच गेले. दरवर्षी ते सहज डोकावल्यासारखे डोकावत आणि विचारत, "कुणी मागितल्या का हो?" ती दरवर्षी 'नाही' म्हणण्याची नवी रीत शोधून काढी. अलीकडे त्यांनी विचारणेच सोडले होते.

आणि हा दुसरा परिच्छेद. पत्र लिहिणारी मुलगी बेडकांवर काम करत होती. पाणथळ बुजवल्यापासून तिथली एक जात दिसलेली नव्हती. त्या जातीचा आवाज तर जगात कुणीच टिपलेला नव्हता. संग्रहाच्या सूचीत या फितींपुढे 'दोष : मागे बेडकांचा मोठा गलका' असा शेरा होता. तो ताईनेच मारलेला. मुलीला नेमका तो दोष हवा होता. 'शक्य असल्यास,' तिने नम्रपणे लिहिले होते, 'माणसांचे बोलणे पुसून द्यावे.'

सर कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. बरोबर काकूही होत्या.

"रोज अंथरुणातून उठवताना माझ्या नाकी नऊ येतात," काकू म्हणाल्या, "आज दाढी करताना शीळ घालत होते."

"अगं, काहीही काय सांगतेस," सर म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळलेलाच होता. कोणती फीत आधी ऐकवायची, क्रियापदाच्या शेवटाला येणारा हेल मागणाऱ्याला कसा समजावायचा, हे त्यांनी टॅक्सीतच ठरवून टाकले होते. ताईने मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला. सरांनी हाताने थांबवले. पुन्हा केला, तेव्हा ते नात्यांच्या शब्दांवर आले होते. शेवटी तिने नजर टेबलावर ठेवून सांगून टाकले.

"सर, त्या मुलीला बोली नकोय. बोलणं पुसून मागचे बेडूक हवेत."

"कोण हवेत?" काकूंनी विचारले आणि त्यांना हसू फुटले. मग नवऱ्याकडे पाहून त्यांनी ते गिळले.

सर बराच वेळ सदऱ्याची बाही सारखी करत बसले. "त्या आवाजातून माणसं वेगळी काढण्यात माझं आयुष्य गेलं," ते म्हणाले. "आणि ही म्हणते, माणसं काढून टाका."

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही. ठेव तुमची आहे." मग तिला राहवले नाही. "पण हा आवाज दुसरीकडे कुठेही नाही, सर."

"तो तरी आहे का? तुमच्या तंत्रज्ञाने मागचा गलका काढून फिती साफ केल्या होत्या ना?"

"साफ केलेल्या वेगळ्या ठेवल्यात. तो म्हणाला होता, मूळ टाकून द्या, जागा अडते. मी नाही टाकलं."

सरांनी तिच्याकडे निरखून पाहिले. "लावा," ते म्हणाले.

खोली एकदम ओली झाल्यासारखी वाटली, इतके बेडूक ओरडत होते. त्यातून एका म्हातारीचा चिरका आवाज येत होता. ताईला त्यातले अक्षरही कळत नव्हते. मग एक तरुण, त्रासलेला आवाज आला आणि काकूंनी झटकन मान वळवली. तो सरांचा होता.

"मी म्हणतोय, आजी, हे गप्प झाले की बोलू," सर ओशाळून सांगू लागले. "ती म्हणते, ते कशाला गप्प होतील, त्यांचंच घर आहे. तूच ऐक की. हा किरकिरतो तो सोड. आता थांब... हा. हा रांजण्या." सर थबकले. त्या गलक्यातून एक पोकळ, खोल आवाज उमटला होता. "रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलतो, म्हणते. पाठीवर पांढरी रेघ असते त्याच्या."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" ताईने विचारले.

सर कसनुसे हसले. "मी म्हणालो, आजी, आपण नात्यांचे शब्द घेत होतो."

मग ताईने संगणकावरून पत्रातल्या मुलीला फोन लावला आणि ती पडद्यावर आली. सरांनी तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि म्हातारीच्या मागोमाग एकेक वाक्य उलगडत नेले. पांढरी रेघ आली तशी मुलगी खुर्चीत पुढे सरकली. तिने तो बेडूक फक्त बरणीत, औषधात बुडवलेला पाहिला होता. एवढ्या गलक्यातला त्याचा आवाज कोणता, हे तिला सांगणारे कुणी नव्हते.

"सर, ती बाई दाखवून देतेय," ती म्हणाली. "बोलणं पुसू नका. मी चुकीचं मागितलं होतं."

"घ्या," सर म्हणाले. "पण सगळं घ्या. आजीसकट."

फीत चालूच होती. म्हातारी कुणाला तरी हाक मारत उठून गेली. मागोमाग तरुण पावलेही आत गेली. त्या संध्याकाळी सर यंत्र बंद करायला विसरले असावेत. मागे उरले ते नुसते पाणी आणि त्यातले आवाज. सवयीने सरांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात तो पोकळ आवाज पुन्हा आला, अगदी जवळून, कुणी ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्यासारखा. सरांनी हात मागे घेऊन गुडघ्यावर ठेवला. पडद्यावरची मुलगीही हलली नाही.