कोपर सर्वांना खुलं

विमा एजंटाला बाद केलं तेव्हा त्यानं कोणाच्या केसालाही धक्का लावलेला नव्हता. त्याचा पाय फक्त समोरच्याच्या गुडघ्यावरून बाहेरून आत आला होता, आणि समोरचा तर गादीवर निवांत पडून छताचा पंखा बघत होता.

"अहो, पण त्याला काही झालंच नाही," एजंट म्हणाला. "विचारा की त्याला."

"मला काही झालं नाही," खालचा म्हणाला.

"झालं असतं," पंच म्हणाले आणि त्यांनी पुढची जोडी बोलावली.

या खेळाला ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणतात. जाड कापडाचे अंगरखे घातलेली दोन शहाणीसुरती माणसं गादीवर एकमेकांना गुंडाळतात आणि एकाचा गळा आवळला जाईपर्यंत किंवा सांधा उलटा वळेपर्यंत सोडत नाहीत. ज्याला पुरे झालं त्यानं हातानं थापा मारायच्या, की सुटका. कोणी कोणाचं काय मोडायचं याला नियम आहेत, आणि ते पंचांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ होते. ही तुलना बायकोची. टाच पिरगाळायची नाही. समोरच्याच्या गुडघ्यावरून पाय आत न्यायचा नाही. उचलून आपटायचं नाही. एकटं बोट धरायचं नाही. नवशिक्यानं मनगट मुरडायचं नाही, थोडं मुरल्यावर मुरडलं तर चालतं. समोरच्याचा गळा त्याच्याच कॉलरनं आवळावा, त्याला कोणाची हरकत नाही. आणि कोपर सर्वांना खुलं.

एरवी आठवडाभर पंच वजनमापांच्या कचेरीत दुकानदारांचे तराजू तपासत. तिथे लोक त्यांना साहेब म्हणत आणि मनात शिव्या देत. इथे लोक पंच म्हणत आणि शिव्या उघड देत. पंचांना हेच जास्त बरं वाटे.

पण मागच्या स्पर्धेत एक प्रकार घडला होता. एका लाँड्रीत इस्त्री करणारा माणूस खेळायला येई. चाळिशीला टेकलेला, नगावर मजुरी मिळणारा, वर्षानुवर्षं जड इस्त्री फिरवून उजवा हात डाव्याच्या दीडपट झालेला. क्लबात त्याला 'कडक' म्हणत. त्या दिवशी त्याचा तोच हात सापडला, कोपर पार सरळ झालं, आणि त्यानं थाप मारायच्या आतच पंचांनी लढत थांबवून समोरच्याला जिंकलं म्हणून जाहीर केलं. सांधा जाईल असं दिसलं तर थांबवायचा अधिकार पंचाला असतो, नियमातच आहे. पण कडक उठला तो हात गरागरा फिरवतच, आणि थेट प्रेक्षकांच्या बाकांसमोर जाऊन उभा राहिला.

"पंच, हात माझाच आहे ना? का तुमच्या कचेरीत जमा करायचा होता?"

सगळा हॉल हसला. कोपऱ्यातले पाणी वाटणारेही हसले. नंतर स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांनी पंचांना बाजूला घेतलं. तुम्ही पंच आहात, खेळाडूंची आई नाही, असं त्यांनी समजावलं, आणि पुन्हा तक्रार आली तर टेबलापाशी घड्याळ सांभाळायला बसावं लागेल असंही सुचवलं. घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्या माणसाचा हात शाबूत आहे ना? मग झालं तर. पण पंचांचं झालं नव्हतं. कचेरीत काटा स्थिर झाला तरी ते हल्ली थोडं थांबून बघत, आणि दुकानदार उगाच घाबरत.

आज उपांत्य फेरीत कडक पुन्हा त्यांच्याच गादीवर आला. वाकून नमस्कार करताना म्हणाला, "आज जरा दम धरा हं, पंच." हसत म्हणाला. मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या.

समोर दातांचा डॉक्टर होता. अतिशय सभ्य माणूस. अंगावर पडताना 'सॉरी' म्हणायचा. पेशंटना तो दुखलं तर हात वर करा असं सांगायचा आणि कोणी हात वर केला की खरंच थांबायचा, म्हणून त्याचा दवाखाना चांगला चाले. लढत बराच वेळ नुसतीच घोंगडी धुतल्यासारखी चालली. मग डॉक्टरानं कडकच्या छातीवरून पाय टाकले, उजवा हात मांड्यांमध्ये घेतला, मनगट छातीशी धरलं आणि कंबर उचलायला सुरुवात केली. सगळं नियमात. पाय जागेवर, टाच मोकळी, बोटं धरलेली नाहीत.

कोपर सरळ झालं. मग सरळच्याही थोडं पलीकडे गेलं.

पंच गुडघ्यावर बसले. कडकचा चेहरा लाल झाला होता, डोळे मिटलेले, डावा हात मोकळा. तो हात गादीपासून वीतभर उंच होता. पंच त्या हाताकडे बघत राहिले. तो खाली येईना.

डॉक्टरानं मान वळवली. "पंच," तो हळूच म्हणाला, "हात जाईल याचा."

स्पर्धकानं चालू लढतीत पंचांशी बोलू नये, असा नियम आहे. पंचांना तो पाठ होता, आणि त्या क्षणी दुसरं काही आठवलं नाही.

"बोलायचं नाही," पंच म्हणाले. "चालू ठेवा."

डॉक्टरानं चालू ठेवलं.

ओला कपडा वाळत घालण्याआधी झटकतात तसा आवाज आला. पाण्याच्या टेबलापर्यंत ऐकू गेला म्हणतात. कडक ओरडला नाही. थाप मात्र त्यानं नंतर मारली, दोनदा, अगदी रीतसर.

स्पर्धेसाठी बोलावलेले डॉक्टर त्वचेचे होते. त्यांनी कोपराला हात न लावता ते लांबूनच नीट पाहिलं, झोळी बांधली आणि मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. गाडी येईपर्यंत कडक बाकावर बसून होता. पुन्हा इस्त्री धरता येईल का, हे त्यानं त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ते हाडांचे डॉक्टर सांगतील. दातांचा डॉक्टर गादीच्या कडेला पाठमोरा बसला होता, आणि पुढची लढत खेळणार नाही म्हणत होता.

अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी पंचांच्या खांद्यावर हात ठेवला. आज एकाही क्लबाची तक्रार नाही, असं त्यांनी सांगितलं. "याला म्हणतात पंचगिरी," ते म्हणाले. "कुठे नियमाबाहेर गेला नाहीत."

पंच बाकापाशी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण कडकच आधी बोलला.

"तुम्ही थांबवलं असतं ना, तर मी तुम्हाला परत शिव्याच घातल्या असत्या. मला वाटलं, निघेल. घाम होता ना. कधीकधी निघतो."

पंच म्हणाले, "मला दिसत होतं, निघणार नाही ते."

कडकनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यानं नजर झोळीकडे नेली आणि गाठ जरा सारखी केली.

"निकाल राहिलाय," तो म्हणाला. "चला, उरकून घेऊ."

रीत अशी, की पंच मधे उभा राहतो, दोन्ही बाजूंना दोघं, दोघांचीही जवळची मनगटं पंचाच्या हातात, आणि जिंकलेल्याचा हात वर करायचा. बाजू ठरलेल्या असतात. कडकच्या बाजूनं पंचांच्या जवळ येत होता तो उजवा हात, झोळीतला. पंचांचा हात हवेत घुटमळला.

"डावा धरा," कडक म्हणाला आणि उलटा वळून उभा राहिला. तोंड मागच्या भिंतीकडे, पाठ लोकांकडे.

पंचांनी डाव्या हातात त्याचं मनगट घेतलं, उजव्यात डॉक्टराचं. डॉक्टराचा हात वर उचलला. तो इतका ढिला होता, की पंचांना तो पेलून धरावा लागला. टाळ्या वाजल्या, आणि थोड्या वेळानं थांबल्या. डॉक्टर हात सोडवून घेऊन गादीवरून उतरला. टेबलावरून पुढच्या जोडीचा पुकारा झाला. ती दोघं कडेला येऊन पट्टे घट्ट करू लागली.

"पंच," कडक भिंतीकडे बघतच म्हणाला, "सोडा आता."

पंचांनी हात सोडला तेव्हा त्या मनगटावर त्यांची बोटं उमटली होती.